उजव्या पायाची लाट

लिहायला बसण्याआधी माफी मागून घेतो. मी लेखक नाही. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, त्यानंतर मराठीत सलग पानभर लिहायची वेळ कधी आली नाही. आमच्या मराठीच्या बाई निबंधाखाली लाल शाईनं लिहायच्या, "विचार बरे आहेत, पण वाक्य पूर्ण कर." ती सवय अजून पुरती गेलेली नाही. ज्यांनी आयुष्यभर पुस्तकं वाचली त्यांच्यापुढे आपण काय मांडणार, असंही वाटतं. आणि ज्या बाईंबद्दल लिहितो आहे त्यांना हे माहीत नाही, म्हणून त्यांचीही माफी. त्यांचं नाव लिहिणार नाही. कुणाचंच लिहिणार नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. निपाणीजवळ आमचं गाव. वडील गवंडीकाम करतात, आई विड्या वळते. बारावीनंतर कुणीतरी सांगितलं की बेंगळुरात हॉस्पिटलच्या कामाचे कोर्स असतात, नोकरी लवकर लागते. मी अर्ज केला. कोर्सचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते मलाच नीट म्हणता येत नव्हतं. वर्गात मी शेवटच्या बाकावर बसायचो. शंका यायच्या, पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असायचे.

नोकरी लागल्यावर आईनं फोनवर विचारलं, "म्हंजे तू डाक्टर झालास?"

"न्हाई गं."

"मग कंपौंडर?"

"तेबी न्हाई."

"मग ऑपरेशनात तुझं काय काम रं?"

"मी बघत बसतो."

"बघत बसायला पगार देत्यात?"

मग मी तिला समजावलं. मणक्याचं किंवा मेंदूचं ऑपरेशन चालू असताना पेशंट झोपेत असतो. डॉक्टरांची हत्यारं नसांच्या अगदी जवळ फिरत असतात. जागा माणूस सांगू शकतो की पाय बधिर होतोय, झोपलेला कसा सांगणार? म्हणून आम्ही त्याच्या डोक्याला बारीक करंट देतो. तो मेंदूतून पाठीच्या कण्यातल्या दोरीवाटे पायापर्यंत उतरतो, पायाचा स्नायू किंचित हलतो, आणि माझ्या पडद्यावर एक लाट उमटते. लाट येते आहे तोवर वाट मोकळी आहे. लहान झाली तर डॉक्टरांना सांगायचं. आईनं सगळं ऐकून घेतलं. पुढच्या सुट्टीत गावी गेलो तर शेजारच्या काकी दारातच म्हणाल्या, "तू बेंगळुरात माणसांना करंट देतोस म्हणं?" आईनं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

हा किस्सा मी एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये सांगितला आणि पस्तावलो. तेव्हापासून तिथले सर्जन मला करंटवालाच म्हणतात.

आमचं काम एका जागी नसतं. मी ज्या कंपनीत आहे ती कुठल्याच हॉस्पिटलची नाही. ज्यांना गरज असेल ते बोलावतात. मशीन दोन पेट्यांत भरायचं आणि निघायचं. आज के. आर. पुरमकडे, उद्या आनेकलच्या रस्त्याला. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भेटायचं, हातपाय हलवून बघायचे, आणि झोप लागल्यावर सुया लावायच्या. संपलं की सुया काढायच्या, वायरी गुंडाळायच्या, पेट्या बंद. पुढे तो माणूस चालला की नाही, हे आम्हाला बहुतेक वेळा कळतच नाही. मला त्याच्या मांडीच्या, पोटरीच्या, तळव्याच्या लाटांचा आकार आठवत असतो आणि चेहरा आठवत नसतो, कारण मणक्याच्या ऑपरेशनात पेशंट पालथा असतो.

मला शिकवणाऱ्या सीनियर मॅडमनी दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगितल्या होत्या. एक, पेशंटला "सगळं ठीक होईल" असं कधी म्हणायचं नाही, कारण ते आपल्या हातात नाही. दुसरी माझ्यासाठी खास होती. त्या म्हणाल्या, "तू खात्री झाल्यावर बोलायला बघतोस. तसं करू नकोस. दिसलं की बोल. खात्री सगळे मिळून करू."

मला हे फार जड गेलं. करंट दिला की पेशंटचं अंग हलकंसं हिसकतं. त्या वेळी सर्जनचं हत्यार नसेवर टेकलेलं असेल तर इजा होऊ शकते. म्हणून दरवेळी आधी विचारायचं, "सर, देऊ?" त्यांनी हात वर घेतला आणि "दे" म्हटलं की बटण दाबायचं. दिवसभरात हे कितीतरी वेळा. सुरुवातीला माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही. सिस्टर माझ्या वतीनं ओरडून विचारायची. हळूहळू जमलं. तरी "सर, देऊ?" म्हणणं वेगळं आणि "सर, थांबा" म्हणणं वेगळं.

आता त्या बाईंबद्दल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो. वय माझ्या आईएवढं असावं. बेंगळुरातल्याच शिवाजीनगरात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. सोबत कॉलेजात जाणारा मुलगा. मी कन्नडमध्ये ओळख करून दिली आणि पायांची तपासणी करायची आहे म्हणालो. त्यांनी मला खालून वर बघितलं आणि मुलाला हळूच मराठीत म्हणाल्या, "हा पोरगा सकाळपासून उपाशी दिसतो रे."

मी म्हणालो, "जेवण झालंय माझं, अक्का."

मुलगा इतका हसला की पाण्याची बाटली त्याच्या हातातून पडली. बाई अजिबात लाजल्या नाहीत. "बरं झालं. आता मोठ्यानं बोलता येईल. कुठला तू?"

"निपाणीकडचा."

"मग असं पेपरातल्यासारखं काय बोलतोस?"

खरं होतं ते. पेशंटशी मराठीत बोलायची वेळ आली की मी गावाकडचं आवरून शाळेतलं मराठी काढायचो. त्यांच्या घराण्याला बेंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. "आमचं मराठी उंबऱ्याच्या आतलं," त्या म्हणाल्या. "बाहेर पाऊल टाकलं की कन्नड. दोन्ही एकाच पातेल्यात शिजलंय."

त्यांच्या पाठीच्या कण्यातल्या दोरीच्या आत गाठ होती. वर्षभरापासून उजवा पाय जड झाला होता. चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचंच नाही. एकदा त्या भाजी घेऊन घरी आल्या तर एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी.

मी सांगितलं, "दोन्ही पायांचे चवडे वर ओढा. आता खाली दाबा. गाडीचा ब्रेक दाबतात तसे."

"मी कुठे गाडी चालवते?"

"मग मशीनचं पायडल मारता तसे."

हे ऐकताच दोन्ही पाय चालू झाले. पलंगावर पडल्या पडल्या टाच, चवडा, टाच, चवडा. डावा पाय सरळ तालात. उजवा मागे राहत होता, पण हलत होता.

"हा स्वल्प आळशी झालाय," त्या उजव्या पायाकडे बघून म्हणाल्या, घरातल्या एखाद्या पोराबद्दल बोलावं तसं.

मुलगा म्हणाला, "मी कधीचा सांगतोय, मशीनला मोटर बसवू. सगळ्यांनी बसवली."

"बसव. मी मेल्यावर बसव." मग माझ्याकडे वळून, जणू हा वाद मीच सोडवणार होतो, त्या म्हणाल्या, "मोटरला काय कळतं अण्णा? ब्लाउजच्या गळ्याला वळण घेताना एक टाका इकडचा तिकडे झाला तर कापड गेलं. माझी टाच थांबली की सुई थांबली पाहिजे. मोटर आपल्या मनानं दोन टाके पुढे जाऊन थांबते."

मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या तू तिथे असशील?"

"असेन."

"काय करशील?"

"तुमच्या पायांवर लक्ष ठेवीन."

त्यांनी चादर पायांवर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "सरी, बरं. डोळे मिटल्यावर कोण काय करतं, कुणाला कळतं? तू लक्ष ठेव. मला उजवा पाय पायडलवर परत पाहिजे. बाकी डॉक्टर बघतील."

सगळं ठीक होईल, हे शब्द तोंडात आले होते. मी ते गिळले आणि फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांना झोप लागल्यावर मी सुया लावल्या. डोक्याला, हातांना, मांड्यांना, पोटऱ्यांना आणि तळपायांना. हाताला लावतो ते तुलनेसाठी. गाठ कण्यात हातांच्या नसा फुटतात त्याच्या खाली होती, तेव्हा हाताची लाट बदलायचं कारण नव्हतं. हात आणि पाय दोन्हींच्या लाटा एकदम कमी झाल्या तर भुलीच्या औषधाचा परिणाम समजायचा. फक्त पायाची गेली, तर खाली ऑपरेशनच्या जागी काहीतरी घडतं आहे. धातूचं काही अंगावर चालत नाही, म्हणून जोडवी आधीच काढून घेतली होती. बोटावर त्यांच्या जागी पांढरट वळ राहिला होता. मी सुई चिकटपट्टीनं नीट बसवली.

पहिल्या लाटा आल्या. डाव्या पायाची मोठी, भरघोस. उजव्याची लहान, कडा मोडलेली. ते अपेक्षितच होतं. पण लहान लाटेचं एक असतं, तिच्यात कमी झालेलं ओळखायला फार बारीक बघावं लागतं.

मला करंटवाला म्हणणारे तेच सर्जन सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून उभे राहिले आणि गाठ कणाकणानं निघू लागली. "सर, देऊ?" "दे." अंग हिसकायचं, लाट यायची, ते पुन्हा हात खाली न्यायचे. बराच वेळ असंच शांतपणे चाललं. त्या कामाला एक लय येते. कुणी बोलत नाही, यंत्राची टिकटिक असते, आणि मला ते आवडतं. तिथे मला आपण शेवटच्या बाकावर आहोत असं वाटत नाही.

गाठ बहुतेक निघाली होती तेव्हा उजव्या पायाची लाट बसल्यासारखी दिसली.

मी पुन्हा विचारलं, पुन्हा करंट दिला. तशीच. डावा पाय जसाच्या तसा. हात जसेच्या तसे. मी वाकून कापडाखाली बॅटरी मारून सुई बघितली, जागेवर होती. भुलीच्या मॅडमना हळू आवाजात विचारलं, "मॅडम, औषध काही बदललंत?" त्या म्हणाल्या, "नाही. बीपी किंचित खाली आहे, एवढंच."

त्या वेळी मनात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे लिहितो. लाट मुळातच लहान होती. मी थांबा म्हणालो आणि ते उगाच निघालं, तर गाठ अर्धवट राहील ती माझ्यामुळे. आणि मी गप्प राहिलो तर पाय. मला अजून एकदा बघावंसं वाटत होतं, मग अजून एकदा. सीनियर मॅडमचं वाक्य आठवलं आणि मी बोललो.

"सर, उजव्या पायाची लाट कमी झाली."

"किती?"

"निम्म्याच्या खाली."

"हात?"

"हात तसेच आहेत. डावा पायही."

"तुझी सुई निसटली असेल."

"बघितली सर. जागेवर आहे."

ते थांबले. हत्यारं बाहेर काढली. सिस्टरनं कोमट सलाइन दिलं, त्यांनी ते जखमेत सोडलं. मॅडमनी बीपी वर घेतलं. मग आम्ही सगळे नुसते उभे राहिलो. इतकी माणसं एका पायाच्या स्नायूची वाट बघत होती आणि तो पाय हिरव्या कापडाखाली कुणालाच दिसत नव्हता.

सर्जन वर न बघता म्हणाले, "काय करंटवाला, आईला कळलं का अजून तू काय करतोस?"

"नाही सर. आता ती सांगते की मी डॉक्टरांना थांबवतो."

"हे मात्र बरोबर सांगते."

कुणीतरी मास्कच्या आत हसलं. थोड्या वेळानं मी विचारलं, "सर, देऊ?" ते म्हणाले, "दे."

लाट आली. पूर्ण नव्हे, पण आली.

"थोडंच राहिलंय," ते म्हणाले, "कांद्याच्या पापुद्र्याएवढं." आणि त्यांनी काम पुन्हा सुरू केलं. अगदी हळू. मी प्रत्येक हालचालीनंतर विचारत होतो. कुणी मला गप्प बस म्हटलं नाही.

मग एकदा बटण दाबलं आणि उजव्या पायाच्या ठिकाणी सरळ रेघ आली.

"सर, गेली."

या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिले. तो पापुद्रा त्यांना दिसत असणार, हाताशी असणार. मग म्हणाले, "राहू दे तेवढं. बंद करू."

टाके घालून होईपर्यंत मी बघत राहिलो. शेवटी रेघेत एक बारीकशी थरथर आली. ती लाट म्हणावी की माझी इच्छा, हे मला ठरवता येईना. मी सर्जनना तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

बाईंना जागं करताना मॅडमनी कानाशी जाऊन कन्नडमध्ये सांगितलं, पाय हलवा. काही नाही. हिंदीत सांगितलं. पापण्या हलल्या, पाय नाही. मी पायांशी सुया काढत होतो. मॅडम मला म्हणाल्या, "तुमची भाषा आहे ना यांची? तू सांगून बघ."

मी कानाशी गेलो आणि म्हणालो, "अक्का, मशीन चालवा."

डावा पाय चालू झाला. टाच, चवडा, टाच, चवडा. उजवा निवांत पडून होता.

मी सर्जनकडे बघितलं. ते उजव्या पायाकडे बघत होते. "येऊ शकतो," ते म्हणाले, "वेळ लागेल." हे त्यांनी कुणाला सांगितलं ते कळलं नाही. बाहेर पेट्या घेऊन लिफ्टशी उभा होतो तेव्हा मुलगा धावत आला. "कसं झालं?" मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील." नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं. तो माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होता आणि मी लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होतो.

दुसऱ्या दिवशी मी के. आर. पुरमला दुसऱ्या कुणाच्या तरी मानेच्या ऑपरेशनात होतो. त्यानंतर आणखी कुठे. त्या हॉस्पिटलचं बोलावणं बरेच महिने आलंच नाही. तिथल्या सिस्टरला एकदा फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "घरी गेल्या त्या. वॉकर धरून. उजवा पाय उचलत नव्हता." पुढचं तिला माहीत नव्हतं. पेशंटच्या घरी आम्ही फोन करत नाही, तशी पद्धत नाही आणि ती बरोबरच आहे.

पण मला एक खोड लागली. के. आर. पुरमच्या स्टेशनचा जिना चढताना मी पुढच्या माणसांचे पाय बघायला लागलो. चवडा कुणाचा उशिरा उचलतो, चप्पल कुणाची घासते. हाताशी आलेला तो पापुद्रा आत ठेवला तो माझ्या शब्दामुळे, आणि पायही आला नाही, म्हणजे दोन्हीकडून गेलं की काय, हे मनातून जात नव्हतं. सीनियर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू दिसलं ते सांगितलंस. न सांगता तो पाय काय झाला असता, ते कुणालाच कळणार नाही." मला ते पटलं. पटून फारसा फरक पडला नाही.

एकदा शिवाजीनगरला बस बदलायची होती. पिशवीत एक पँट घेतली होती, लांबीला जास्त होती, खरंच जास्त होती. स्टँडच्या मागच्या गल्लीत शिरलो. दुकान शोधावं लागलं नाही, बाहेर ब्लाउजांची रांग टांगलेली होती. आत बाई माझ्याकडे पाठ करून मशीनवर बसल्या होत्या. वॉकर भिंतीशी उभा होता. मला बरं वाटलं आणि लगेच आवाज ऐकू आला. एकसारखी घूंऽ अशी घरघर, थांबली की झटक्यानं थांबणारी. खाली बघितलं. डावा पाय जमिनीवरच्या छोट्या बटणावर होता. उजवा एका लाकडी पाटावर ठेवलेला, पट्ट्यांच्या आधारात. मशीनच्या बाजूला नवी काळी मोटर.

मुलगा कापड कापत होता, त्यानं वर बघितलं नाही. मी पँट घेऊन तसाच परत फिरलो. आत जाऊन काय विचारणार होतो? बघितलं तेच उत्तर होतं.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईनं विड्या वळता वळता विचारलं, "त्या शिलाईवाल्या बाईचं काय झालं रं?" तिला मी फोनवर सांगितलं होतं. मी मोटरचं सांगितलं. ती म्हणाली, "मग आत जाऊन बोलायचं की. तुला काय खाणार हुती?"

"तसं जाता येत न्हाई आई. आमचं काम तितंच संपतं."

वडील ओट्यावर बसले होते. ते सहसा बोलत नाहीत. म्हणाले, "मी बांधलेल्या घरात कोण ऱ्हातंय ते बघाय मी कुठं जातो?" मग जरा वेळानं, "पर वाटंत आलं तर भिंतीला हात लावून जातो."

आईनं पानाची कड दुमडली, दोरा बांधला आणि विडी सुपात टाकली. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. हा माझ्या कामाचा दोष म्हणा, मनात एकच येत होतं की हिची लाट किती भरघोस असेल.

त्यानंतर कितीतरी ऑपरेशनं झाली. थांबा म्हणायची वेळ आणखी आली. आवाज आता पोचतो.

परवा त्याच हॉस्पिटलातून बोलावणं आलं. मी मशीन जोडून बाहेर आलो तर सर्जन बेसिनशी हात धूत होते. कोपरापर्यंत साबण. मला बघून म्हणाले, "करंटवाला, बरा आलास. ती शिवाजीनगरची टेलर आठवते?"

"आठवते सर."

"आठवड्यापूर्वी ओपीडीत आली होती. नवा एमआरआय बघितला. आपण ठेवलं ते तेवढंच आहे. वाढलं नाही. बघत राहायचं."

मी विचारलं, "चालत आल्या?"

"नाही तर काय उडत? कुणाचा हात धरला नव्हता. पाय स्वल्प ओढते अजून." त्यांनी दुसरा हात पाण्याखाली धरला. "तुला विचारत होती. नाव माहीत नाही तिला. म्हणाली, तो पेपरातलं मराठी बोलणारा मुलगा कुठे आहे? आता मला काय कळणार कुठलं पेपरातलं आणि कुठलं घरातलं? मी म्हटलं, आमचा करंटवाला? तर म्हणाली, तोच, लक्ष ठेवणारा."

पाणी वाहत होतं.

"मुलगा शेजारी तोंड पाडून बसला होता," ते म्हणाले. "त्याला रागावत होती आणि हसतही होती. तुला निरोप दिलाय. मला म्हणाली, आठवणीनं सांगा." त्यांनी कोपरानं नळ बंद केला आणि हात वर धरून आत जायला वळले. "म्हणाली, त्याला सांगा, मशीनची मोटर काढून टाकली."